शाळेतली नर्स आणि मुलांची आरोग्य तपासणी, १८९० ते १९२०: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शालेय आरोग्याच्या इतिहासावर मी कुठेही बोलले, की नंतर शिक्षक, आशाताई आणि पालक साधारण हेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. बरीचशी हकिकत न्यूयॉर्कची आणि इंग्लंडची आहे, कारण मुळात ती तिथेच घडली. बडोद्याचा धागा शेवटाकडे येतो.

शाळेत डॉक्टर पहिल्यांदा कधी आणि का आले?

शिक्षण सक्तीचं झालं तेव्हा. इंग्लंडमध्ये १८८० साली मुलांना शाळेत पाठवणं बंधनकारक झालं. त्याआधी गरिबाघरचं, आजारी, अशक्त मूल घरीच राहायचं, नाहीतर कामाला जायचं. सक्ती आल्यावर तेच मूल एका बाकावर चौघांच्या मध्ये येऊन बसलं आणि त्याच्याबरोबर खरूज, नायटा, गोवर, घटसर्पही वर्गात आले.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या शाळा मंडळाने १८९३ मध्ये डॉ. जेम्स कर यांना नेमलं. १८९४ मध्ये बॉस्टनला घटसर्पाची साथ होती. तिथले आरोग्य अधिकारी डॉ. सॅम्युएल डर्जिन यांनी पन्नास डॉक्टरांना शाळा वाटून दिल्या. शिकागोने १८९५ मध्ये आणि जर्मनीतल्या वीसबाडेनने १८९६ मध्ये हीच वाट धरली. १८९७ मध्ये न्यूयॉर्कने दीडशे डॉक्टर नेमले. रोज एक तास काम आणि महिन्याला तीस डॉलर.

अमेरिकेतल्या या सगळ्या खटपटीचा हेतू साथ थांबवणं एवढाच होता. बाईंनी किंवा गुरुजींनी संशयित मुलं बाजूला काढायची, डॉक्टरांनी पाहायचं आणि संसर्ग दिसला तर घरी पाठवायचं. त्या मुलाचं पुढे काय होतं हे पाहणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं.

डॉक्टर होते, तर नर्सची गरज का पडली?

कारण घरी पाठवलेलं मूल बरं होत नव्हतं.

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडचं उदाहरण घ्या. चाळींसारख्या पाच-सहा मजली इमारती, एका खोलीत सात-आठ माणसं, बहुतेक रशियातून आलेली ज्यू कुटुंबं आणि शेजारी इटालियन. घरात यिडिश नाहीतर इटालियन बोलली जायची. मुलाच्या हातात इंग्रजीत रोगाचं नाव लिहिलेला कागद द्यायचा आणि सांगायचं, ‘बरा झालास की ये.’ आईला कागद वाचता येत नाही. वाचता आला तरी डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत. दवाखान्यात न्यायचं तर दिवसाची मजुरी बुडते. मग मूल घरी बसायचं. खरं तर तेही नाही, ते रस्त्यावर खेळायचं. शाळा सुटली की वर्गातली पोरं त्याच्याच बरोबर खेळायला यायची, म्हणजे ज्या संसर्गापासून वर्ग वाचवला तो संध्याकाळी गल्लीत गाठायचाच.

१९०२ मध्ये न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त अर्न्स्ट लेडर्ली यांनी ढिली पडलेली तपासणी कडक केली आणि हजारो मुलं एकदम शाळेबाहेर आली. तपासणी जितकी चोख, तितके वर्ग रिकामे.

लिलियन वाल्ड यांनी सांगितलेली एका मुलाची हकिकत मला फार महत्त्वाची वाटते. त्या स्वतः नर्स होत्या आणि १८९३ पासून याच वस्तीत राहून काम करत होत्या. तिथे त्यांना बारा वर्षांचा एक मुलगा भेटला, जो जन्मात कधी शाळेत गेलाच नव्हता. डोक्यावर इसब होता. शाळेत गेला की बाई परत पाठवायच्या. दवाखान्यातून मलम मिळालेलं होतं, पण ते कसं आणि किती दिवस लावायचं हे नीट कोणी दाखवलं नव्हतं. वाल्ड यांनी ते नेमाने लावलं, डोकं बरं झालं आणि सप्टेंबरमध्ये त्याला शाळेत प्रवेश मिळाला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो त्यांच्या खोलीपर्यंतचे पाच जिने धावत चढून आला, सकाळी शिकलेल्या शब्दांची स्पेलिंगं म्हणून दाखवायला.

औषध होतं, डॉक्टर होता, शाळाही होती. त्या मुलाची बारा वर्षं वाया गेली ती या तिघांना जोडणारं माणूस नव्हतं म्हणून.

शाळेतली नर्स ही कल्पना मुळात कोणाची? लंडनची की न्यूयॉर्कची?

सुरुवात लंडनची. १८९२ मध्ये एमी ह्यूज नावाच्या नर्स ड्रुरी लेन भागातल्या एका गरीब वस्तीतल्या शाळेत जाऊ लागल्या. किरकोळ जखमा, फोड, डोळे यांची तिथल्या तिथे मलमपट्टी करायच्या. १८९८ मध्ये ऑनर मॉर्टन यांच्या पुढाकाराने लंडन स्कूल नर्सेस सोसायटी स्थापन झाली. ते काम देणग्यांवर चालायचं. १९०४ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने स्वतःच्या खर्चाने नर्स नेमायला घेतल्या.

न्यूयॉर्कचं वेगळेपण असं, की तिथे महानगरपालिकेने स्वतःच्या तिजोरीतून यासाठी पैसे काढले आणि कामाचा हिशेब ठेवला. त्यामुळे पुढे इतर शहरांना दाखवायला हातात काहीतरी आलं.

लीना रॉजर्स कोण होत्या?

कॅनडात जन्मलेल्या आणि टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयात शिकलेल्या नर्स. वाल्ड यांच्या हेन्री स्ट्रीट सेटलमेंटमध्ये, म्हणजे वस्तीतच राहून सेवा करणाऱ्या नर्सच्या संस्थेत, त्या काम करत होत्या. १ ऑक्टोबर १९०२ रोजी एका महिन्याच्या प्रयोगासाठी वाल्ड यांनी त्यांना शहराच्या शाळांसाठी दिलं. ज्या शाळांमधून सर्वांत जास्त मुलं घरी पाठवली जात होती अशा चार शाळा निवडल्या. पटावर सगळी मिळून सुमारे दहा हजार मुलं. आणि नर्स एक.

महिना संपल्यावर प्रयोग थांबवावा असं कोणालाच वाटलं नाही. शहराने नर्स नेमण्यासाठी तीस हजार डॉलर मंजूर केले आणि रॉजर्स या नर्सच्या प्रमुख झाल्या. पुढे त्या टोरांटोला गेल्या, तिथल्या शाळांची सेवा उभी केली आणि १९१७ मध्ये शालेय नर्सच्या कामावर एक सविस्तर पुस्तक लिहिलं. रोजच्या कामाची आपल्याला इतकी बारकाईने माहिती आहे, ती त्यांच्यासारख्या कामातल्या बायकांनी ती लिहून ठेवली म्हणून.

वर्गात तपासणी नेमकी कशी व्हायची?

नर्स खिडकीकडे पाठ करून उभी राहायची, म्हणजे उजेड मुलाच्या तोंडावर पडेल. मुलं एकामागून एक समोर येत. मुलाने स्वतःच्या बोटाने डोळ्याची खालची पापणी खाली ओढायची, तोंड उघडून घसा दाखवायचा, हात पुढे करून पंजे उलटसुलट करायचे. मुलींनी वेणी बाजूला करून मानेवरचे केस वर धरायचे, कारण लिखा कानामागे आणि मानेवर आधी दिसतात. नर्सने शक्यतो कोणाला हात लावायचा नाही. एकाचा संसर्ग आपल्या बोटांनी दुसऱ्याला जाऊ नये हा त्यातला विचार. जीभ दाबून घसा पाहायचाच असेल तर लाकडी चपटी काडी घ्यायची आणि वापरली की टाकून द्यायची.

अख्खा वर्ग असा काही मिनिटांत होई. ज्यांच्यात काही आढळलं त्यांना नंतर नर्सच्या खोलीत बोलवत. खोली म्हणजे बऱ्याचदा एखादा रिकामा कोपरा, एक टेबल, बेसिन आणि गरम पाणी.

उपचार कोणते करत? उवांवर खरंच रॉकेल लावायचे का?

हो, लावायचे. रॉकेल आणि गोडं तेल समभाग घेऊन रात्री केसांना चोळायचं, फडकं बांधायचं, सकाळी साबण आणि गरम पाण्याने धुवायचं, मग बारीक फणीने विंचरायचं. लिखा सुटाव्यात म्हणून फणी व्हिनेगरमध्ये बुडवायची. आज हे कोणीही करू नये. रॉकेल पेट घेतं, कातडी भाजते, आणि आता औषधाच्या दुकानात साधे सुरक्षित लोशन मिळतात.

नायट्याचा चट्टा औषधी मऊ साबणाने घासून स्वच्छ करत आणि वर कोलोडियन लावत. हा द्राव वाळला की पापुद्र्यासारखा चिकटून बसतो, त्यामुळे चट्टा झाकला जातो आणि मूल वर्गात बसू शकतं. खरजेला साबणाने अंग घासून गंधकाचं मलम. तोंडावरच्या पिकलेल्या फोडांच्या खपल्या आधी भिजवून काढायच्या आणि मग मलम लावायचं. खपलीवरून लावलेलं मलम आत जात नाही, ही गोष्ट आयांना पुन्हा पुन्हा सांगावी लागे. डोळे आले असतील तर बोरिकच्या पाण्याने धुणं.

यात मोठी वैद्यकी काहीच नाही. आपल्या आजीने केलं असतं तसंच काहीसं. फरक एवढाच, की हे रोज, ठरल्या वेळी, त्याच मुलाला, बरं होईपर्यंत केलं जात होतं. आणि मूल मलम लावून पाच मिनिटांत वर्गात परत.

घटसर्प, गोवर, स्कार्लेट फीवर अशा आजारांत मात्र तडजोड नव्हती. ती मुलं लगेच घरी.

याने खरंच फरक पडला का?

न्यूयॉर्कचा सर्वांत बोलका आकडा घरी पाठवलेल्या मुलांचा आहे. सप्टेंबर १९०२ मध्ये ही संख्या १०,५६७ होती. नर्स कामाला लागल्यावर वर्षभराने, सप्टेंबर १९०३ मध्ये, ती १,१०१ वर आली.

हा आकडा वाचताना थोडं थांबायला हवं. एका वर्षात शहरातले नायटे आणि उवा नव्वद टक्के कमी झाल्या असा त्याचा अर्थ नाही. ज्या आजारासाठी आधी मुलाला घरी धाडत, त्याच्यावर आता शाळेतच उपचार होत होते आणि मूल वर्गात राहत होतं. म्हणजे आकडा आहे तो वाचलेल्या शाळेच्या दिवसांचा. माझ्या मते तो तेवढाच मौल्यवान आहे. नायट्यामुळे महिना-दोन महिने घरी बसलेलं गरिबाचं पोर पुन्हा शाळेत येईलच याची खात्री नसते.

नर्स मुलांच्या घरी का जायच्या?

खरं काम तिथेच होतं म्हणून. सकाळी शाळा आणि दुपारनंतर जिने. एखादं मूल चार दिवस आलं नाही की नर्स त्याच्या घरी. तिथे गेल्यावर कळायचं, की खरूज एकट्या मुलाला नाही, एका अंथरुणात झोपणाऱ्या चारही भावंडांना आहे, आणि एकाला बरं करून काही उपयोग नाही. कधी कळायचं, की आई बाळंतीण आहे आणि नऊ वर्षांची मुलगी घर सांभाळते आहे. कधी मुलाला काहीच झालेलं नसायचं, पायात घालायला बूट नसायचे.

डॉक्टरच्या कागदावर यातलं काही येत नाही. नर्स आईसमोर बसून एकदा करून दाखवायची, दुसऱ्या दिवशी आईकडून करवून घ्यायची. न वाचता येणाऱ्या चिठ्ठीपेक्षा हे कितीतरी पटींनी उपयोगी पडलं.

पालकांनी विरोध केला का?

केला, आणि एकदा तर मोठा भडका उडाला.

त्या काळात टॉन्सिल आणि नाकामागच्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठी हे बऱ्याच दुखण्यांचं मूळ मानलं जाई. मूल तोंडाने श्वास घेतं, कमी ऐकतं, अभ्यासात मागे पडतं: गाठी काढा. इस्पितळात नेणं आयांना परवडत नव्हतं, म्हणून जून १९०६ मध्ये लोअर ईस्ट साइडच्या एका शाळेतच पालकांची संमती घेऊन काही मुलांच्या गाठी काढण्यात आल्या. मुलं घरी आली ती तोंडातून रक्त येत असलेली. काही दिवसांत वस्तीत बातमी पसरली, की डॉक्टर शाळेत मुलांचे गळे कापत आहेत. हजारो आया शाळांवर चालून गेल्या. काचा फुटल्या, दारं ठोठावली गेली, शिक्षकांना मुलांना लवकर सोडावं लागलं. आपलं लेकरू हातात आल्यावरच बायका शांत झाल्या.

वर्तमानपत्रांनी या बायकांना अडाणी ठरवलं. मला तसं वाटत नाही. या आया रशियातून जीव मुठीत घेऊन आलेल्या होत्या. १९०३ मध्ये किशिनेव्ह शहरात झालेली ज्यूंची कत्तल त्यांना आठवत होती, आणि १९०६ च्या त्याच जून महिन्यात ब्यालिस्टॉकलाही तशीच कत्तल झाल्याच्या बातम्या येत होत्या. सरकारी माणूस मुलाला हात लावतो म्हणजे काय, याचा त्यांचा अनुभव वेगळा होता. पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये गोरे सोल्जर तपासणीसाठी घरात घुसले तेव्हा आपल्या माणसांना काय वाटलं हे आठवलं, की या आयांचं मन समजायला जड जात नाही. कागदावरची संमती होती. समजावून सांगणं राहून गेलं होतं.

डॉ. जोसेफिन बेकर यांचं काम काय?

न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यात त्या तीस डॉलर महिन्यावर तपासनीस म्हणून लागल्या. १९०८ मध्ये शहराने मुलांच्या आरोग्यासाठी स्वतंत्र विभाग काढला आणि बेकर त्याच्या पहिल्या प्रमुख झाल्या. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात शाळा बंद होत्या, नर्स मोकळ्या होत्या. बेकर यांनी त्यांना एका दाट वस्तीत नव्याने जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या घरी पाठवलं: अंगावर पाजा, खिडकी उघडी ठेवा, बाळाला घट्ट गुंडाळू नका, रोज आंघोळ घाला. आदल्या उन्हाळ्याच्या तुलनेत त्या भागात बाराशे बालमृत्यू कमी झाले.

वस्तीत बाळ सांभाळायचं काम बऱ्याचदा थोरल्या बहिणीकडे असायचं हे त्यांनी हेरलं आणि शाळकरी मुलींसाठी ‘लिटल मदर्स लीग’ काढल्या. बारा वर्षांच्या मुली बाळाला आंघोळ कशी घालायची, दूध कसं स्वच्छ ठेवायचं हे शिकायच्या आणि घरी जाऊन आईला सांगायच्या.

इंग्लंडमध्ये सरकारला मुलांच्या तब्येतीची चिंता एकाएकी का वाटू लागली?

युद्धामुळे. दक्षिण आफ्रिकेतल्या १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात भरतीला आलेल्या तरुणांपैकी खूपजण उंची, छाती, दात, डोळे यांत नापास झाले. साम्राज्याला सैनिक कमी पडतील या भीतीने चौकशी समिती बसली आणि १९०४ मध्ये तिचा अहवाल आला. शाळेत मुलांची तपासणी करा, उपाशी मुलांना जेवू घाला, असं त्यात सांगितलं होतं. १९०६ मध्ये शाळेत जेवण देण्याची परवानगी देणारा कायदा झाला आणि १९०७ मध्ये वैद्यकीय तपासणी बंधनकारक करणारा. जॉर्ज न्यूमन हे शिक्षण मंडळाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले.

मुलांच्या कळवळ्यापोटी बोलणारे लोक वीस वर्षं बोलत होतेच. त्यांचं ऐकलं गेलं ते सैन्याला माणसं कमी पडल्यावर, हे मला आजही खटकतं. कायदा झाला हे मात्र चांगलंच झालं.

त्या कायद्यात काय होतं? आणि काय नव्हतं?

मूल शाळेत दाखल होताना तपासायचं आणि शाळा सोडण्याच्या सुमारास पुन्हा. मधली, आठव्या वर्षाच्या आसपासची तपासणी नंतर नियमित झाली. १ जानेवारी १९०८ पासून अंमल. उंची, वजन, दात, डोळे, कान, घसा, हृदय, फुप्फुसं, अंगाची आणि कपड्यांची स्वच्छता हे सगळं प्रत्येक मुलाच्या कार्डावर लिहायचं. पालकांना हजर राहायला बोलवायचं, आणि बऱ्याच आया खरंच यायच्या.

नव्हतं ते उपचाराचं बंधन. स्थानिक मंडळांना उपचाराची सोय करण्याची मुभा होती, सक्ती नव्हती. ती १९१८ च्या शिक्षण कायद्याने आली. मधली दहा वर्षं लाखो मुलांच्या कार्डावर ‘दात किडलेले’, ‘नजर कमी’ असं लिहिलं गेलं आणि पुढचं सगळं त्या त्या गावाच्या इच्छेवर राहिलं. न्यूयॉर्कने १९०२ मध्ये शिकलेला धडा इंग्लंडला नव्याने शिकावा लागला.

उवा पाहणाऱ्या नर्सची मुलांना भीती वाटायची का?

भीतीपेक्षा लाज. इंग्लंडमध्ये पोरांनी तिला ‘निट नर्स’, म्हणजे लिखावाली बाई, असंच नाव ठेवलं होतं. १९०८ च्या बालक कायद्याने अस्वच्छ मुलांना सक्तीने स्वच्छ करण्याचा अधिकार दिला. आधी पालकांना नोटीस, त्यांनी नाही केलं तर मुलाला स्वच्छता केंद्रात न्यायचं. कधी केस कापावे लागत. कापलेल्या केसांनी वर्गात परतलेल्या मुलीकडे सगळा वर्ग पाहायचा.

उवा काही अस्वच्छतेची खूण नाहीत, डोक्याला डोकं लागलं की त्या येतात, हे आज आपल्याला माहीत आहे. तेव्हा तो आईच्या संसारावरचा ठपका मानला जाई. या सेवेने मुलांचं भलं केलं, पण काही मुलांच्या मनावर ओरखडेही काढले. चांगल्या नर्स दार लावून एकेकीला तपासत. सगळ्याच तशा नव्हत्या.

ब्रॅडफर्डचं नाव सारखं का येतं?

मार्गारेट मॅकमिलन यांच्यामुळे. १८९४ मध्ये त्या तिथल्या शाळा मंडळावर निवडून आल्या. लोकरीच्या गिरण्यांचं हे गाव. बरीच मुलं अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत. डॉ. कर यांच्याबरोबर त्यांनी तपासण्या केल्या. थंडीत अंगावर शिवून टाकलेले आतले कपडे महिनोन्‌महिने न उतरवलेली मुलं त्यात होती. १८९७ मध्ये तिथल्या एका शाळेत आंघोळीची सोय झाली. करदात्यांच्या पैशाने पोरांना आंघोळ कशाला, असं म्हणणारे कमी नव्हते.

पुढे मार्गारेट आणि त्यांची बहीण रेचल यांनी लंडनच्या डेप्टफर्ड भागात १९१० मध्ये मुलांचा दवाखाना काढला. त्याला पैसे दिले जोसेफ फेल्स या अमेरिकन साबण कारखानदाराने. तिथे दात, डोळे, कान, त्वचा सगळं पाहिलं जाई. पण त्वचारोगाची मुलं बरी होऊन घरी जात आणि त्याच कोंदट खोल्यांतून पुन्हा तोच आजार घेऊन परत येत. म्हणून १९११ मध्ये बहिणींनी मुलींसाठी उघड्यावर झोपण्याची छावणी सुरू केली: स्वच्छ अंथरूण, आंघोळ, मोकळी हवा. त्यातूनच १९१४ ची त्यांची प्रसिद्ध बालशाळा आली.

क्षयाच्या मुलांसाठी उघड्यावरच्या शाळा होत्या, त्या याचाच भाग का?

हो. बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला १९०४ मध्ये पाइनच्या जंगलात पहिली अशी शाळा भरली, १९०७ मध्ये लंडनने आणि १९०८ मध्ये अमेरिकेत प्रॉव्हिडन्सने ती कल्पना उचलली. तपासणीत अशक्त, क्षयाचा संशय असलेली ठरलेली मुलं तिथे जात. क्षयावर औषध नव्हतं, म्हणून हवा, ऊन, झोप आणि पोटभर जेवण.

डोळे तपासण्याचं काम शिक्षकांनी केलं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १८९९ मध्ये कायदा करून शिक्षकांनाच अक्षरांच्या तक्त्यावर मुलांची नजर तपासायला लावली. वीस फुटांवर तक्ता, एक डोळा झाकायचा, वाचायचं. ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवलेली काही मुलं फळा न दिसणारी निघाली. तक्ता टांगायला डॉक्टर लागत नाही. हे काम आजही कुठलाही शिक्षक करू शकतो.

तपासणीत चुका व्हायच्या का?

व्हायच्या, आणि सर्वांत मोठी चूक टॉन्सिलची. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या एका पाहणीत हजार शाळकरी मुलं घेतली. त्यातल्या ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांनी पाहिलं आणि १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. राहिलेली २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली, त्यांनी आणखी ९९ निवडली. त्यातून सुटलेली ११६ मुलं तिसऱ्यांदा दाखवली, तर पुन्हा जवळपास निम्म्यांना काढा म्हणून सांगितलं गेलं. पहिल्या डॉक्टरांनी ज्यांना ठीक म्हटलं होतं, त्याच या मुलांच्या घशात पुढच्या डॉक्टरांना दोष दिसत होता.

म्हणजे तपासणारा शोधायलाच बसला की त्याला सापडतंच. १९०६ च्या त्या आयांची समजूत चुकीची होती, पण गळ्यावर इतक्या सहज सुरी चालवण्याबद्दलची त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती.

भारतात शाळकरी मुलांची तपासणी कधी सुरू झाली?

१९०९ मध्ये, बडोदा शहरात. भारतातल्या शालेय आरोग्यसेवेची सुरुवात इथूनच धरली जाते. इंग्लंडचा कायदा अमलात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

बडोद्यातच का, याचं उत्तर सोपं आहे. महाराज सयाजीराव गायकवाड, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेले, यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. इंग्लंड-अमेरिकेत जे घडलं तेच इथेही: मुलं सक्तीने शाळेत आणली की त्यांची प्रकृती ही सरकारची जबाबदारी होते. ब्रिटिश हिंदुस्थानात शिक्षण सक्तीचं नव्हतं आणि ही जबाबदारीही कोणी अंगावर घेतली नाही.

मग पुढे काय झालं?

फार हळू. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही असं लिहिलं. १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्यासाठी समिती नेमली गेली, १९६१ मध्ये तिचा अहवाल आला.

मी चौथीत असताना आमच्या शाळेत डॉक्टर आले होते. आम्ही रांगेत उभ्या राहिलो, जीभ दाखवली, तक्ता वाचला. माझ्या कार्डावर ‘दृष्टी कमी’ असं लिहिलं गेलं, आणि ते कार्ड शाळेच्या कपाटात गेलं. घरी कोणाला कळलं नाही. सातवीत चष्मा लागला तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, की झाडाची पानं एकेक सुटी दिसतात. तीन वर्षं कार्ड कपाटात होतं. लीना रॉजर्सची हकिकत मी पुढे वाचली तेव्हा मला सगळ्यात आधी ते कपाट आठवलं.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशपातळीवर सुरुवात झाली. यात फिरतं पथक असतं: दोन आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी अशा पद्धतींचे) डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक परिचारिका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळेत वर्षातून एकदा. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं. दोष आढळला तर पुढच्या उपचारांसाठी पाठवायचं आणि ते मोफत. उपचाराचा दुवा योजनेतच लिहिलेला आहे, ही मोठी गोष्ट आहे.

शाळेतून तपासणीची चिठ्ठी घरी आली तर काय करावं?

आधी मुलाला रागवू नका. मग चिठ्ठी घेऊन वर्गशिक्षकांना भेटा आणि तीन गोष्टी विचारा: नेमकं काय आढळलं, कोणत्या दवाखान्यात कोणत्या दिवशी जायचं, आणि तिथे सोबत कोण येईल किंवा कोणाला भेटायचं. शस्त्रक्रिया सांगितली असेल आणि तातडीचं नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या. आशाताईंना सांगून ठेवा. पथकाशी त्यांचा संपर्क असतो. चिठ्ठी आलीच नाही, तरी तपासणी झाल्याचं मुलाकडून कळलं की शाळेत जाऊन कार्ड पाहायला मागा. ते तुमच्याच मुलाचं आहे.